हिऱ्याच्या आधीची चावडी

आफ्रिका खंडाच्या दक्षिणेला बोत्स्वाना नावाचा एक कोरडा देश आहे. समुद्रकिनारा नाही, मोठ्या नद्या जवळजवळ नाहीत. १९७६ साली या देशानं दक्षिण आफ्रिकेचा रँड सोडून स्वतःचं चलन सुरू केलं आणि त्याला नाव दिलं ‘पुला’. तिथल्या सेत्स्वाना भाषेत पुला म्हणजे पाऊस. पुलाच्या शंभराव्या भागाला म्हणतात ‘थेबे’, म्हणजे ढाल. सभा संपताना लोक ‘पुला!’ असा गजर करतात. देशाच्या राजमुद्रेवर ब्रीद म्हणून हाच एक शब्द आहे. मृगाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या दुष्काळी तालुक्यांतल्या माणसाला यामागची भावना समजावून सांगावी लागणार नाही. ज्याची सगळ्यात जास्त वाट पाहावी लागते, त्याचंच नाव त्यांनी पैशाला दिलं.

३० सप्टेंबर १९६६ रोजी हा देश ब्रिटिशांकडून स्वतंत्र झाला. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट, त्यातला बहुतेक भाग कालाहारीची वाळू, आणि लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास. एवढ्या प्रदेशात डांबरी रस्ता होता १२ किलोमीटर. विद्यापीठाची पदवी घेतलेले नागरिक होते २२. माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेले सुमारे १००. स्वातंत्र्य तोंडावर येईपर्यंत ज्या गावातून कारभार चालायचा, ते माफेकिंग देशाच्या हद्दीतही नव्हतं. ते शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत होतं. त्यामुळे गाबोरोने ही राजधानी घाईघाईनं नव्यानं वसवावी लागली. त्यातच दुष्काळानं गुरं मोठ्या संख्येनं मेली होती आणि सरकारचा रोजचा खर्चही ब्रिटनच्या अनुदानावर भागत होता.

पुढची तीसेक वर्षं या देशाचं दरडोई उत्पन्न दरसाल सरासरी सात टक्क्यांच्या आसपास वाढत राहिलं. सात टक्के ऐकायला फार वाटत नाहीत. पण या वेगानं उत्पन्न दहा वर्षांत दुप्पट, वीस वर्षांत चौपट आणि तीस वर्षांत आठपट होतं. सिंगापूर, दक्षिण कोरिया यांच्या प्रगतीच्या कथा आपण नेहमी ऐकतो. त्या काळातल्या दरडोई वाढीच्या यादीत बोत्स्वाना त्यांच्याही पुढे होता.

यावर कोणीही पटकन म्हणेल, हिरे सापडले असतील! हो, सापडले. पण खरं कोडं तिथूनच सुरू होतं.

एक रत्न, दोन नशिबं

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सिएरा लिओन नावाचा देश आहे. तिथे भरपूर पाऊस पडतो, रान हिरवंगार असतं आणि फ्रीटाउनसारखं उत्तम नैसर्गिक बंदर आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या आधुनिक उच्च शिक्षणाची सुरुवातही तिथलीच: फोराह बे कॉलेज १८२७ साली स्थापन झालं. १९३० मध्ये तिथल्या कोनो भागात हिरे सापडले. १९६१ मध्ये स्वातंत्र्य मिळालं, तेव्हा या देशाकडे बंदर होतं, रेल्वे होती, शिकलेली माणसं होती आणि हिरेही होते. बोत्स्वानाकडे यातलं जवळजवळ काहीच नव्हतं.

त्याच सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ अशी अकरा वर्षं यादवी युद्ध चाललं. हजारो माणसं मारली गेली, लहान मुलांच्या हातात बंदुका आल्या, आणि त्या बंदुकांचा पैसा बऱ्याच अंशी हिऱ्यांतून आला. ‘रक्ताचे हिरे’ हा शब्दप्रयोग जगाच्या तोंडी बसला तो अशाच देशांमुळे. आज बोत्स्वानाचं दरडोई उत्पन्न सिएरा लिओनच्या जवळपास दहापट आहे.

जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू पडतात सुरतेत, आणि त्यांचा मोठा व्यापार चालतो मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या हिरेबाजारात. कागदाच्या घडीत गुंडाळलेल्या त्या चमकत्या कणांकडे नुसत्या डोळ्यांनी पाहून कोणी सांगू शकणार नाही, की हा कोनोचा आणि तो बोत्स्वानातल्या ओरापाचा. दोन्ही शुद्ध कार्बन आणि दोन्ही तितकेच कठीण. मग एका देशात त्यातून शाळा, दवाखाने आणि रस्ते उभे राहिले आणि दुसऱ्या देशात त्यातून राखरांगोळी का झाली?

संस्था म्हणजे पाटी नव्हे

अर्थशास्त्रज्ञांचं उत्तर एका शब्दात आहे: संस्था. पण हा शब्द मराठीत आपल्याला थोडा फसवतो. संस्था म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते दारावरची पाटी, अध्यक्ष, संचालक मंडळ आणि सर्वसाधारण सभा. अर्थशास्त्रात या शब्दाला याहून खोल अर्थ आहे. १९९३ चे नोबेल मानकरी डग्लस नॉर्थ यांनी संस्थांना समाजातल्या खेळाचे नियम म्हटलं. त्यात लिहिलेले कायदे आले, तसेच न लिहिलेले रिवाजही आले. मालमत्ता कोणाची, करार मोडला तर दाद कुठे मागायची, राजाला किंवा मंत्र्याला काय करता येतं आणि काय करता येत नाही, हे सगळं त्यात येतं.

आपल्या शेतातलं उदाहरण घेऊ. सातबाऱ्यावर नाव असेल, तर शेतकरी कर्ज काढून विहीर खणतो, बांधावर आंबा लावतो. आंबा फळाला यायला काही वर्षं जातात, पण तोपर्यंत जमीन आपलीच राहील याची त्याला खात्री असते. ही खात्री काढून घ्या. माती तीच, पाऊस तोच, माणूसही तोच. पण आंबा लागणार नाही. उद्याविषयीचा हा भरवसा डोळ्यांना दिसत नाही, आणि देशाचा विकास मात्र त्याच्यावर उभा असतो. डॅरन असेमोग्लू, सायमन जॉन्सन आणि जेम्स रॉबिन्सन यांना २०२४ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते संस्था कशा घडतात आणि त्यांचा समृद्धीवर काय परिणाम होतो याच्या अभ्यासासाठी. या तिघांनी २००३ मध्ये खास बोत्स्वानावर एक निबंध लिहिला होता. हे कोडं त्यांनाही सोडवायचं होतंच.

झाडाखालची सभा

या कोड्याचा धागा हिऱ्यांच्या पुष्कळ मागे जातो. त्स्वाना लोकांच्या प्रत्येक गावात एक मोकळी जागा असते. भोवती लाकडी ओंडक्यांचं अर्धवर्तुळाकार कुंपण आणि बहुधा जवळ एखादं सावलीचं झाड. तिला म्हणतात ‘खोत्ला’. आपल्या चावडीची आणि पाराची एकत्र आठवण यावी अशी ही जागा. भांडणाचा निवाडा तिथे होतो, गावाचे निर्णयही तिथेच होतात. टोळीचा प्रमुख, म्हणजे ‘कोसी’, सर्वांचं बोलणं ऐकून घेतो आणि शेवटी बोलतो. सभेचा कल ज्या बाजूला, त्या बाजूनेच त्यानं निर्णय द्यावा अशी अपेक्षा असते. सेत्स्वानात एक म्हण आहे, तिचा अर्थ असा: राजा हा प्रजेमुळे राजा. दुसरी म्हण सांगते, की खोत्लात बोललेला प्रत्येक शब्द सुंदरच असतो. म्हणजे तिथे राजावर टीका केली, तरी तो अपराध नाही.

या सभेचं चित्र फार गोजिरं रंगवायचं कारण नाही. जुन्या काळी तिथे स्त्रियांना बोलायचा हक्क नव्हता. कालाहारीत राहणाऱ्या सान लोकांसारख्या दुबळ्या समाजांना तर जागाच नव्हती. तरीही एक सवय त्या मातीत मुरली: सत्ता ज्याच्या हाती आहे, त्यानं चारचौघांत बसून आपल्या निर्णयाची कारणं सांगायची.

ही सवय वसाहतीच्या काळात टिकली कशी, ती गोष्ट विलक्षण आहे. १८८५ मध्ये ब्रिटिशांनी हा प्रदेश संरक्षणाखाली घेतला. त्यांना मुख्यतः उत्तरेकडे जाणारी वाट हवी होती. पुढे खाणमालक सेसिल ऱ्होड्सच्या ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीला हा मुलूख हवा झाला. कंपनीच्या हाती जाणं म्हणजे काय, हे तिथल्या प्रमुखांनी शेजारी पाहिलं होतं. १८९५ मध्ये तिघे प्रमुख, खामा तिसरे, बाथोएन आणि सेबेले, बोटीनं थेट इंग्लंडला गेले. वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांना भेटले, आणि शहराशहरांतून सभा घेऊन इंग्रज जनतेलाच त्यांनी आपलं म्हणणं ऐकवलं. आपल्या खोत्लातली रीत त्यांनी इंग्लंडच्या सभागृहांत नेली, असंच म्हणावं लागेल. राणी व्हिक्टोरियाचीही भेट झाली. त्याच वर्षाअखेरीस ऱ्होड्सच्या माणसांनी शेजारच्या ट्रान्सवाल राज्यावर घातलेली धाड फसली, त्याची पत गेली आणि कंपनीचा डाव बारगळला. बोत्स्वाना कंपनीच्या घशातून वाचला. ब्रिटिशांनी मग इथे फारसं काही बांधलं नाही. पण फारसं काही मोडलंही नाही. म्हणूनच ते १२ किलोमीटर रस्त्याचं दारिद्र्य आणि शाबूत राहिलेला खोत्ला, दोन्ही एकाच दुर्लक्षाची फळं आहेत.

सिएरा लिओनमध्ये उलटं घडलं. १८९६ मध्ये अंतर्भागावर संरक्षण जाहीर झालं, घरपट्टी लादली गेली आणि १८९८ मध्ये त्याविरुद्ध उठाव झाला. त्यानंतर ब्रिटिशांनी तिथल्या प्रमुखांना सरकारी मान्यतेचं बळ दिलं. प्रमुखपद तहहयात, आणि तेही मान्यताप्राप्त ‘राजघराण्यां’पुरतं. प्रजेकडे जाऊन कारणं सांगायची गरज उरली नाही. वरच्या साहेबाला खूश ठेवलं की पुरे.

याचा ठसा किती खोल आहे, हे एका अभ्यासानं दाखवलं आणि तो वाचताना मी थक्क झालो. त्या अभ्यासाच्या वेळी सिएरा लिओनमध्ये अशी १४९ प्रमुख-क्षेत्रं होती. कुठे प्रमुखपदावर दावा सांगणारं घराणं एकच, तर कुठे दहा-बारा. असेमोग्लू, रॉबिन्सन आणि ट्रिस्टन रीड यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दिसलं, की जिथे घराणी कमी, म्हणजे स्पर्धा कमी, तिथे आजही शिक्षणासारख्या बाबतीत लोक मागे आहेत. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कोणा अधिकाऱ्यानं कोणत्या घराण्यांना मान्यता दिली, त्याची सावली आजच्या मुलाच्या पाटीदप्तरापर्यंत पोहोचते! आणि अधिक चकित करणारी गोष्ट अशी, की अशाच ठिकाणी लोक सत्तेचा आदर जास्त करतात असंही आढळलं. प्रश्न विचारायची जागाच नसेल, तर माणसं प्रश्नच विसरतात.

स्वतःचे हात बांधणारा राजा

आता १९६७ कडे येऊ. राष्ट्राध्यक्ष आहेत सेरेत्से खामा. इंग्लंडला गेलेल्या खामा तिसऱ्यांचे हे नातू आणि बामांग्वातो या मोठ्या टोळीच्या गादीचे वारस. ऑक्सफर्डला शिकायला गेले आणि १९४८ मध्ये लंडनमध्ये रूथ विल्यम्स या गोऱ्या तरुणीशी त्यांनी लग्न केलं. गादी सांभाळणारे काका त्शेकेदी संतापले. निवाडा कुठे व्हायचा? सेरोवेच्या खोत्लात. सभेवर सभा झाल्या आणि १९४९ मध्ये हजारोंच्या सभेनं सेरेत्सेंच्या बाजूनं कौल दिला. पण शेजारी दक्षिण आफ्रिकेत नुकतंच वर्णद्वेषी सरकार आलं होतं, त्याला हे लग्न खुपत होतं. ब्रिटननं त्याच्या दडपणाखाली सेरेत्सेंना मायदेशी यायला बंदी केली. १९५६ मध्ये गादीवरचा हक्क सोडला, तेव्हाच त्यांना परतता आलं. मग त्यांनी पक्ष काढला, निवडणूक लढवली, आणि गादी सोडलेला वारस मतांवर राष्ट्राध्यक्ष झाला.

१९६७ मध्ये त्यांच्या सरकारनं खनिजांचा कायदा केला. जमिनीखालची संपत्ती आता टोळ्यांची नव्हे, साऱ्या राष्ट्राची. त्याच वर्षी डी बीअर्स कंपनीच्या भूवैज्ञानिकांना ओरापाला हिऱ्यांचा प्रचंड साठा सापडला. तो होता बामांग्वातोंच्या मुलखात, म्हणजे खुद्द सेरेत्सेंच्या टोळीच्या जमिनीखाली. आपल्या माणसांच्या पायाखालची दौलत त्यांनी कायद्यानं सगळ्या देशाच्या नावावर केली. जुना नियम तसाच राहिला असता, तर कोणाच्या हद्दीत किती हिरे यावरून टोळ्या-टोळ्यांत किती रक्त सांडलं असतं, याची कल्पनाच करवत नाही. खाणीतून पहिला हिरा निघण्यापूर्वीच त्याच्या मालकीचं भांडण मिटलेलं होतं.

पुढे ज्वानेंगला याहून मौल्यवान साठा मिळाला. तिथे वाळूचा थर जाड. पण कालाहारीतली वाळवी ओलाव्याच्या शोधात खोल जाते आणि खालच्या खडकाचे कण वारुळात वर आणते. त्या कणांवरून भूवैज्ञानिकांनी खालचा खजिना ओळखला. १९८२ मध्ये सुरू झालेली ही खाण मूल्याच्या हिशेबानं जगातली सर्वांत श्रीमंत हिऱ्याची खाण मानली जाते. तोवर सरकारनं डी बीअर्सशी पुन्हा वाटाघाटी करून आपली भागीदारी निम्म्यापर्यंत वाढवली होती. विकास योजना संसदेत मंजूर होत आणि योजनेत नसलेल्या कामावर पैसा खर्चायला मनाई होती. १९९४ मध्ये पुढच्या पिढ्यांसाठी राखीव निधी उभारला गेला. त्याचं नाव ‘पुला फंड’. पाऊस भरपूर पडला, तर कणगीत चार दाणे जास्त ठेवायचे. कोरडवाहू माणसाला हे शहाणपण शिकवावं लागत नाही.

सिएरा लिओनमध्ये १९६८ पासून सत्तेवर असलेल्या सियाका स्टीव्हन्स यांच्या काळात फ्रीटाउनहून दक्षिण-पूर्वेकडे जाणारी रेल्वे बंद झाली आणि तिचे रूळही उखडले गेले. रेल्वे तोट्यात होती हे खरं. पण असेमोग्लू आणि रॉबिन्सन तिकडे आणखी एका अंगानं पाहतात. ती जात होती विरोधकांच्या बालेकिल्ल्यात, मेंडे लोकांच्या मुलखात. तिथला कॉफी-कोकोचा शेतकरी सधन झाला, तर विरोधक बळकट होणार. देश गरीब झाला तरी चालेल, पण खुर्ची राहिली पाहिजे, हा हिशेब एकदा सुरू झाला की रूळसुद्धा शत्रू वाटू लागतात. १९७८ मध्ये देश एकपक्षीय झाला आणि सवाल विचारायची उरलीसुरली जागाही गेली.

भूगोलाचा वाटाही प्रामाणिकपणे मोजायला हवा. ओरापाचे हिरे खडकात, एका जागी. तिथे यंत्रं लागतात आणि कुंपण घालता येतं. कोनोचे हिरे नदीच्या गाळात मैलोगणती विखुरलेले. फावडं आणि चाळणी असलेला कोणीही ते काढू शकतो, आणि बंदूक असलेला कोणीही ते हिसकावू शकतो. पण म्हणूनच तिथे लोकांना मान्य होईल अशा नियमाची गरज अधिक होती. वसाहतीच्या सरकारनं १९३० च्या दशकात देशभरातल्या हिऱ्यांचा मक्ता एका कंपनीला देऊन टाकला. ज्यांच्या ओढ्यात हिरे होते, ते स्वतःच्याच गावात चोर ठरले.

भरवशाची परीक्षा

बोत्स्वाना म्हणजे स्वर्ग नव्हे. तिथली विषमता जगातल्या तीव्र विषमतांपैकी एक आहे. हिऱ्यांनी पैसा दिला, पण पुरेसे रोजगार दिले नाहीत. शतकाच्या वळणावर एचआयव्हीनं असा घाला घातला, की प्रौढांपैकी चारांत जवळपास एकाला लागण झाली. कालाहारीच्या अभयारण्यातून सान लोकांना सरकारनं हुसकावलं, हा तर मोठा कलंक.

पण याच ठिकाणी संस्थांचं खरं काम दिसतं. चूक होणारच नाही अशी हमी त्या देत नाहीत. चूक झाली तर ती बोलायची आणि दुरुस्त करायची वाट त्या उघडी ठेवतात. २००२ मध्ये साऱ्या नागरिकांना एचआयव्हीवरची औषधं मोफत देण्याचा कार्यक्रम बोत्स्वानानं सुरू केला, आफ्रिकेत सर्वांत आधी. तो पैसा हिऱ्यांच्या नीट राखलेल्या हिशेबातूनही आला. २००६ मध्ये उच्च न्यायालयानं सान लोकांच्या बाजूनं आणि सरकारच्या विरुद्ध निकाल दिला. त्याआधी, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, युनिटी डाऊ या वकील बाईंनी नागरिकत्वाच्या कायद्याला आव्हान दिलं होतं. परदेशी पुरुषाशी लग्न केलेल्या स्त्रीच्या मुलांना नागरिकत्व नाकारणारा तो कायदा होता. त्या जिंकल्या आणि पुढे उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या. ज्या देशाच्या खोत्लात एके काळी बाईला बोलायला बंदी होती, त्या देशात एका बाईनं सरकारला उत्तर द्यायला लावलं.

आता नवी परीक्षा आली आहे. प्रयोगशाळेत घडवलेले हिरे स्वस्त झाले; आपल्या सुरतेतही ते तयार होतात. खाणीतल्या हिऱ्यांची मागणी घसरली आणि बोत्स्वानाची तिजोरी आकसली. आजवरच्या सुबत्तेचा आधारच हलला. अशा वेळी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, निवडणूक झाली. सेरेत्से खामांनी काढलेला पक्ष ५८ वर्षांत पहिल्यांदा हरला. राष्ट्राध्यक्ष मसिसी यांनी अंतिम निकाल जाहीर होण्याआधीच पराभव मान्य केला आणि त्यांच्या जागी डुमा बोको यांनी शपथ घेतली. ना रस्त्यावर रणगाडे, ना पळापळ.

ती बातमी वाचताना माझ्या डोळ्यांपुढे सेरोवेचा खोत्ला आला. ओंडक्यांचं अर्धवर्तुळ, झाडाची सावली, आणि सगळ्यांचं ऐकून झाल्यावर शेवटी बोलणारा प्रमुख. सभेचा कल त्याच्या विरुद्ध गेला आहे, आणि तो तोच निर्णय जाहीर करतो आहे. हिरे जमिनीखाली होते आणि त्यांची कोणाला खबरही नव्हती, तेव्हापासून ही रीत तिथे आहे. हिरे ओसरू लागले, तरी ती तिथेच आहे.